पाचव्या महिन्यातली फुगडी

गुडघ्याचं पहिलं ऑपरेशन झालेली माणसं त्याबद्दल हौसेनं बोलतात. कुणी टाके दाखवतं, कुणी वॉकर धरून काढलेले फोटो दाखवतं. तोच गुडघा दुसऱ्यांदा उघडायची वेळ आली की मात्र तोंड मिटतं. आपल्याच हातून काहीतरी बिघडलं असणार, असं लोक म्हणतील याची धास्ती असते. माझ्या बाबतीत तर ते खरंच होतं. मी आठ महिने ते कुणाला सांगितलं नाही, आणि नुसती गप्प बसले असते तरी चाललं असतं, मी चक्क खोटं बोलले. हे लिहितेय ते तुमच्यापैकी जे कुणी दुसऱ्या ऑपरेशनच्या दारात उभे असतील त्यांच्यासाठी. वैद्यकीय माहिती तुम्हाला डॉक्टर देतील. मी फक्त माझी फजिती सांगणार आहे.

पहिला फेरा

मी वैशाली. सिल्वासातल्या एका मराठी शाळेत खेळाची शिक्षिका. मूळची अमळनेरकडची, कॉलेजात असताना विद्यापीठाच्या संघातून खो-खो खेळलेली, त्यामुळे अंगात मस्ती भरपूर. नवरा दीपक मसाटला धाग्याच्या कारखान्यात सुपरवायझर आहे, आणि किलवणी रस्त्यावरच्या आमच्या दोन खोल्यांत तिसऱ्या आहेत माझ्या सासूबाई, सिंधूबाई. त्यांना मी आई म्हणते. माझी सख्खी आई माहेरी आहे, ती माय. दोघी एकत्र आल्या की एकीच्या हाकेला ओ दिली तर दुसरी रुसते.

शाळेच्या मैदानावर मुलींना खांबावर वळसा कसा घ्यायचा ते करून दाखवत होते. डावा पाय जमिनीत रोवला, अंग वळलं आणि गुडघा वळायचा राहिला. आतून 'टक्' असा आवाज आला, तो मला अजून ऐकू येतो. मांडीचं हाड आणि नडगी यांना आतून धरून ठेवणारी बोटभर लांबीची एक दोरी असते, लिगामेंट म्हणतात ती. ती तुटली होती. नाशिकला ऑपरेशन झालं. माझ्याच मांडीच्या मागची शीर काढून तिची नवी दोरी वळली, दोन्ही हाडांना भोकं पाडून ती त्यातून ओवली आणि स्क्रूनं पक्की केली. डॉक्टर म्हणाले, "नऊ महिने उड्या नाहीत, गिरकी नाही."

ऑपरेशन मार्चमधलं. चौथ्या महिन्यात मी जिना भराभर चढत होते. पाचव्या महिन्यात मला गुडघा आहे याचाही विसर पडला. नऊ महिने सामान्य माणसांना सांगत असतील, आपण खेळाडू आहोत, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. खेळाच्या शिक्षिकेनं इतकं मूर्ख असावं का? असते एखादी.

कानबाई

आम्हा खानदेशींच्या घरी श्रावणात कानबाई बसते. नारळाला साडी-दागिने घालून देवी मांडायची, रात्रभर गाणी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चौरंग डोक्यावर घेऊन नाचत-गात नदीवर न्यायची. घरच्या भाऊबंदांसाठी मोजून घेतलेल्या गव्हाचा रोट होतो, तो घरच्याच बाईनं सोवळ्यानं करायचा. त्यात काही चुकलं की देवी रागावते म्हणतात. देवीपेक्षा भाऊबंद लवकर रागावतात हा माझा अनुभव.

त्या वर्षी कानबाई आमच्याकडे होती. सुरतचे, वापीचे, सिल्वासातले मिळून तीस-पस्तीस माणसं. आई स्वयंपाकात बुडालेल्या. निघताना मला दारात अडवून म्हणाल्या, "तू रिक्षातून जाय. नदीवर खुर्चीवर बठ. नाचानं नाव बी काढू नको." मी मान हलवली. रिक्षातून अथालला दमणगंगेवर गेले, खुर्चीवर बसलेही.

बसवेना हो. ढोल वाजतोय, बायका एकमेकींचे हात धरून गरगरा फिरताहेत, आणि मी म्हातारीसारखी मांडीवर पर्स घेऊन बसलेली. सुरतची एक चुलत नणंद आली, "वहिनी, एकच" म्हणाली. मी उठले. पहिले पाच-सहा फेरे असे झाले की वाटलं, बरी झाले मी, पूर्ण बरी झाले. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. आणि मग तोच आवाज, आतून, ढोलाच्या गदारोळात फक्त मला ऐकू आलेला.

नणंदेला कळलंच नाही, आणि त्या गर्दीत बाकी कुणाचं आमच्याकडे लक्षही नव्हतं. तिनं माझा हात सोडला आणि ती दुसरीबरोबर फिरायला लागली. मी हसत हसत रिक्षापर्यंत गेले. घरी पोचेपर्यंत गुडघा नारळाएवढा झाला होता.

"घसरले"

घरात पाहुण्यांनी पाय धुतल्यामुळे न्हाणीघराची फरशी आईंनी नुकतीच साबणानं धुवून काढली होती. मी भिंतीला धरून आत गेले, दार लावलं आणि रडू फुटलं. बाहेरून आईंचा आवाज आला, "काय व्हयनं वं?"

उचलली जीभ, लावली टाळ्याला. मी म्हटलं, "घसरले."

त्या एका शब्दामागे मी नंतर बरीच कारणं रचली. त्यातलं मोठं कारण हे, की कानबाईच्या मिरवणुकीत सुनेचा पाय गेला असं कळलं असतं तर भाऊबंदांनी सरळ आईंच्या रोटाकडे बोट दाखवलं असतं. सिंधूबाईच्या हातून सोवळ्यात काही राहिलं, असं वर्षभर चघळलं असतं. म्हणजे मी आईंना वाचवत होते! करायला गेले गणपती आणि झाला मारुती म्हणतात ते हेच. खरं कारण लहान होतं. मला ओरडा खायचा नव्हता.

एमआरआयत दिसलं की नवी दोरी तुटली आहे. नाशिकचे डॉक्टर चकित झाले. "नुसतं घसरून?" म्हणाले. त्यांनी आधी सूज उतरू द्या, व्यायाम करा, काही महिने बघू असं सांगितलं.

घरी मात्र बदल सुरू झाले. न्हाणीघरात पोत्याची पायपुसणी आली, मग रबराची, मग दारापासून ओट्यापर्यंत जुन्या गोधडीच्या पट्ट्या. आई पहाटे उठून फरशी कोरड्या फडक्यानं पुसायच्या, ओणव्या होऊन, स्वतःचे गुडघे कुरकुरत असताना. आणि त्यांनी चहा सोडला. माझ्या सासूबाईंचं चहावर किती प्रेम आहे हे माहीत नसेल तर या वाक्याचं वजन कळणार नाही. दिवसाला पाच कप, बशीत ओतून, फुर्र आवाज करत. विचारलं तर म्हणाल्या, "तुना पाय धड व्हऊ दे, मंग पिसू."

मला वाटलं, नवस आहे. किती जीव आहे यांचा माझ्यावर, म्हणून मी चार ठिकाणी कौतुकानं सांगितलंसुद्धा.

सटकणारा गुडघा

दोरी नसलेला गुडघा दुखत नाही फारसा. तो दगा देतो. शाळेच्या जिन्यावर, बाजारात भाजी घेताना, एकदा तर राष्ट्रगीताच्या आधी 'विश्राम'मधून 'सावधान'मध्ये येताना तो सटकला आणि मी सातवीच्या रांगेवर जाऊन पडले. मुली हसल्या नाहीत, त्याचंच मला जास्त लागलं. मुख्याध्यापिका फार चांगल्या आहेत. त्यांनी मला बोलावून हळूच विचारलं, "वर्षभर ग्रंथालय सांभाळता का?" मी घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडले.

दीपकशी भांडणं वाढली. तो पाळीवरून थकून यायचा, मला दळण आणायचं असायचं, आणि तो म्हणायचा, "तू बसून राहा ना." बसून राहा हे दोन शब्द ऐकले की माझ्या डोक्यात तिडीक जायची. एकदा मी ताट आपटलं. तो पिठाचा डबा उचलून गिरणीवर गेला. चिडलेल्या माणसाशी भांडता येतं, दळण आणणाऱ्याशी कसं भांडणार?

एप्रिलमध्ये कुणीतरी वापीतल्या एका सर्जनचं नाव सुचवलं. फसलेली गुडघ्याची ऑपरेशनं पुन्हा करण्यात त्यांचा हात चांगला, असं कळलं. फोनवर त्यांच्या मदतनीसानं एकच गोष्ट तीनदा बजावली: जुन्या ऑपरेशनचा कागद आणा. कुठली शीर घेतली, स्क्रू कसला बसवला, सगळं त्यात असतं. बाबांनो, तो कागद जपा. मी तो जुन्या साड्यांच्या घडीत ठेवला होता, आणि सापडेपर्यंत घरात सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता.

वापीचा दवाखाना

आम्ही तिघं गेलो. आई मागे राहायला तयारच नव्हत्या. डॉक्टर साठीकडे झुकलेले, शिक्षण मुंबईत झाल्यामुळे मराठी स्वच्छ, आणि घाई अजिबात नाही. त्यांनी माझा गुडघा हातात धरून नडगी पुढे ओढली. चांगल्या गुडघ्यात ती ओढ कुठेतरी येऊन थांबते. माझ्यात ती थांबलीच नाही. मग त्यांनी आम्ही काढून आणलेल्या सीटी स्कॅनचे फोटो दिव्यावर लावले आणि विचारलं, "दुसऱ्यांदा काय झालं होतं?"

"बाथरूममध्ये घसरले."

"कशी? पाय पसरले? गुडघा पिळला?"

"आठवत नाही."

त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "ताई, दुसऱ्या ऑपरेशनमध्ये सगळं यावर ठरतं, की पहिलं का फसलं. जोराचा झटका बसून चांगली दोरी तुटली असेल तर माझं काम सोपं. पण साध्या घसरण्यानं तुटली असेल, तर ती मुळात रुजलीच नव्हती किंवा चुकीच्या जागी बसवली होती असं मला धरावं लागेल. तुमच्या हाडातली जुनी भोकं थोडी मोठी झालीत. अगदी सीमेवर आहेत. भरवसा नसेल तर मी ती आधी भरून घेईन. कमरेचं हाड काढून त्यात भरायचं, पाच-सहा महिने थांबायचं, आणि मग वेगळी भोकं पाडून नवी दोरी. म्हणजे दोन ऑपरेशनं."

दोन ऑपरेशनं. म्हणजे आधीचं एक धरून तीन. म्हणजे अजून दोन वर्षं मैदान नाही. मी भिंतीवरच्या हाडांच्या चित्राकडे बघत बसले. दीपकनं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

आई पुढे सरकल्या. हात जोडून म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, चूक माझी आहे. फरशी मी धुतलेली होती. साबण राहिला त्याच्यावर." आणि पुढे, "हाड लागतं म्हणता ना, मग माझ्या कमरेचं घ्या. माले आते काय काम शे त्यानं?"

डॉक्टर हसले नाहीत. दीपक खाली बघत होता. मला आठ महिन्यांची पायपुसणी दिसली, ओणवी म्हातारी दिसली, न प्यालेले चहा दिसले. नवस नव्हता तो. शिक्षा होती. आणि गुन्हा माझा होता.

"फुगडी खेळले मी," मी म्हटलं. "नदीवर. पाचव्या महिन्यात. तिथेच गेला पाय. बाथरूममध्ये काही झालं नाही."

डॉक्टरांनी विचारलं, "फुगडी म्हणजे ते दोन बायका हात धरून गरगर फिरतात ते?"

"हो."

"किती फेरे?"

"पाच-सहा."

"पाच महिन्यांच्या दोरीवर!" त्यांनी पुन्हा फोटोंकडे बघितलं, आणि मला सांगायला आवडतं, त्या माणसाचा चेहरा उजळला. "मग नाशिकच्या डॉक्टरांचं काम चोख होतं. भोकं योग्य जागी आहेत, मला मघापासून कोडं पडलं होतं. मी उगाच त्यांच्यावर शंका घेत होतो." ते म्हणाले, एकाच ऑपरेशनमध्ये निभावेल असं आता वाटतंय. या वेळी गुडघ्याच्या वाटीखालची पट्टी घेऊ, तिच्या दोन्ही टोकांना हाडाचा तुकडा असतो, तो मोठ्या झालेल्या भोकात घट्ट बसेल. शिवाय बाहेरच्या बाजूनं एक छोटा पट्टा, गुडघा पिळू नये म्हणून. "पण शब्द देत नाही. आत हाड बघून ठरवीन. आणि हे तिसऱ्यांदा करायची वेळ आणू नका. दर वेळी आम्हाला शिल्लक कमी मिळते."

दोन दिवस

परतीच्या रिक्षात आई बाहेर बघत बसल्या. दादरा मागे पडल्यावर त्यांनी तोंड बाहेर ठेवूनच विचारलं, "मनामुये नही ना? खरं सांग."

"नाही, आई. शपथ."

त्या पदर तोंडावर घेऊन रडल्या. हुंदके देऊन, लहान मुलीसारख्या. रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं आणि वेग कमी केला. मी त्यांचा हात धरायला गेले तर तो त्यांनी झटकला. बरोबरच केलं.

घरी पोचल्यावर त्यांनी गॅस पेटवला. मोठ्या पातेलीत आलं किसून घातलं, साखर नेहमीपेक्षा जास्त, आणि एकटीपुरता चहा केला. मला विचारलं नाही. दीपकलाही नाही. ओट्याशी उभ्या राहून बशीत ओतून प्याल्या, आणि तो फुर्र आवाज मी आठ महिन्यांनी ऐकला. संपल्यावर दुसरा केला.

दोन दिवस अबोला होता. माझ्या गोळीची वेळ झाली की दीपकला ऐकवायच्या, "तिले सांग, गोयी खाई ले." मी तिथेच, दोन हातांवर. दीपक बिचारा टेलिफोन झाला होता. तिसऱ्या दिवशी त्या माझ्या पलंगावर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "भाऊबंद बोलले असते तर बोलले असते. मी काय त्यांना भीते का? मनी सून माले खोटं बोलनी, ते लागनं." मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. केसांत तेल घातलं त्यांनी, जरा जोरातच रगडलं.

ऑपरेशन

मे महिन्यात, शाळेला सुट्टी असताना तारीख मिळाली. दवाखान्याचा दिवस सगळीकडे सारखाच असतो: पहाटे उपाशी, हिरवा झगा, अंगठी काढा, बांगड्या काढा. एक बांगडी निघेना म्हणून नर्सनं खोबरेल आणलं. ती वलसाडची होती. "बेन, टेन्शन नथी लेवानुं," म्हणाली आणि स्वतःच माझा हात घट्ट धरून राहिली.

कमरेतून सुई दिली. अंग खालून बधिर झालं, पण मी जागी. हिरव्या पडद्याच्या पलीकडे माझ्या पायाचं काय चाललंय ते दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. ड्रिलचा आवाज सुताराकडे येतो तसाच. मध्येच बराच वेळ शांतता झाली. जुना स्क्रू काढताहेत, असं भूल देणाऱ्या बाईंनी सांगितलं. मग पुन्हा शांतता. एक की दोन, एक की दोन, हेच डोक्यात. शेवटी मीच ओरडले, "डॉक्टर, एकच का?"

पडद्यामागून आवाज आला, "एकच. हाड चांगलं आहे. आता गप्प पडा, फुगडीवाल्या बाई."

मी गप्प पडले आणि रडले. भूल देणाऱ्या बाईंनी डोळे पुसले माझे, दोन्ही हातांना नळ्या लावल्या होत्या म्हणून.

घर

पहिले पंधरा दिवस वाईट होते, ते गोड करून सांगण्यात अर्थ नाही. गुडघ्याच्या पुढची पट्टी घेतलेली असल्यामुळे पाय उचलायला घेतला की वाटे कुणीतरी गुडघ्याच्या वाटीत खिळा ठोकतंय. संडासला जायला दीपकची मदत लागायची. लग्नाला बारा वर्षं झाली तरी त्याची लाज वाटली. तो म्हणाला, "कारखान्यात मी याहून जड बॉबिन उचलतो." हे प्रेमाचं वाक्य होतं, हे मला जरा उशिरा कळलं.

व्यायामासाठी हेतलबेन यायच्या. तिशीतली फिजिओथेरपिस्ट, आवाज मऊ आणि हात लोखंडी. त्यांची गुजराती आणि आईंची अहिराणी, दोघींचं इतकं जमलं की माझ्या पायाबद्दलचे निर्णय मला वगळून व्हायला लागले. दहा वेळा पाय उचलायचा तर आई मोजायच्या, आणि मी तोंड वेडंवाकडं केलं की आठवर थांबून "बस झालं" म्हणायच्या. हेतलबेन दटावायच्या, "मासी, दस एटले दस!"

चौथ्या महिन्यात पुन्हा तेच झालं. गुडघा आहे हे विसरायला लागले. मी हेतलबेनना सांगितलं, एकदम छान वाटतंय. त्या हसल्या नाहीत. "सारुं लागे ने, त्यारे ज संभाळवानुं," म्हणाल्या. बरं वाटतं तेव्हाच जपायचं. नवी दोरी आतून अजून कच्ची असते आणि दुखणं मात्र गेलेलं असतं, हे मला पहिल्या वेळीही सांगितलं होतं. ऐकलं तेव्हा कान होते, अक्कल नव्हती. दुसरं ऑपरेशन वाट्याला आलेल्या प्रत्येकाला मला एवढंच सांगायचंय: काय झालं होतं ते डॉक्टरला जसंच्या तसं सांगा, आपण कितीही मूर्ख दिसलो तरी. माझा मूर्खपणा कळला म्हणून माझं एक ऑपरेशन वाचलं.

गच्ची

नवव्या महिन्यात एका पायावर उडी मारून बघायची असते. आधी चांगल्या पायावर उभं राहून जितकी लांब जाईल तितकी, मग ऑपरेशनच्या पायावर. दोन्ही जवळजवळ सारख्या आल्या तरच मैदानात पळायची परवानगी. त्या आठवड्यात हेतलबेनच्या घरी लग्न होतं. त्या म्हणाल्या, घरी करून बघा आणि फोनवर सांगा. मग पुढच्या सोमवारपासून शाळेत मैदानावर जायचं की नाही ते ठरवू.

सोमवार! ग्रंथालयातली पुस्तकं मी एव्हाना तीनदा लावली होती. सातवीच्या मुली खिडकीतून डोकावून विचारायच्या, "मॅडम, कधी?"

फेब्रुवारीतली सकाळ, गच्चीवर कोवळं ऊन. दीपक पाळीवर गेलेला. आई खडू घेऊन खाली बसल्या, जिथे पाय पडेल तिथे रेघ मारायला. उजव्या पायाची उडी झाली, रेघ पडली. मग मी डाव्या पायावर उभी राहिले, आणि उभीच राहिले. गुडघ्याला काही होत नव्हतं. मलाच सुटवेना. इतकी भीती मला ऑपरेशनच्या टेबलावरसुद्धा वाटली नव्हती.

आई म्हणाल्या, "मी शे ना इथं. मार."

मी मारली. पाय फरशीवर टेकला, गुडघा वाकला आणि थांबला. हलला नाही, सटकला नाही. मी तशीच एका पायावर उभी, दोन्ही हात पसरून, आणि मोठ्यानं हसत सुटले. खाली वाकून रेघ बघितली. उजव्या रेघेच्या अगदी शेजारी होती. बरोबरीत!

मग माझं लक्ष माझ्या अंगठ्याकडे गेलं. रेघ माझ्या अंगठ्याच्या पुढे होती. चांगली चार बोटं पुढे.

"आई, तुम्ही रेघ पुढे मारली."

"नही तं."

"आई."

त्यांनी खडू पदरात लपवला. "इवलीशी," म्हणाल्या. "कितला दिवस ग्रंथालयमा बठशी वं? त्या पोरी वाट देखी राह्यन्यात." त्यांचे डोळे भरले होते. खोटं बोलायची अजिबात सवय नाही या बाईला, कान लाल होतात.

डावा पाय न हलवता मी त्यांच्याशेजारी फरशीवर बसले. आम्ही दोघी त्या रेघेकडे बघत राहिलो. मनात आलं, चार बोटंच तर आहेत, कुणाला कळणार. सोमवारी मी मैदानावर असेन. आई माझ्याकडे बघत होत्या, आणि त्यांनाही तेच वाटत होतं, मला ठाऊक आहे.

मग त्यांनी पदराच्या टोकानं ती रेघ पुसून काढली. थुंकी लावून, नीट, मागमूस राहणार नाही अशी. माझा पाय धरून अंगठ्याला टेकवून खरी रेघ ओढली आणि दोन रेघांमधलं अंतर बोटं लावून मोजलं. फोन मला न देता स्वतःच लावला.

"हेतलबेन," त्या म्हणाल्या, "चार बोटं कमी शे. आजून एक महिना ती कुठे जात नही. मी देखस."